त्याचे नाव मफीबोशेथ

पाठ्यभाग : २ शमुवेल ४:४, ९:१-१३, १६:१-४, १९:२४-३०.

विषय : चाकाची खुर्ची वापरणाऱ्या माणसांविषयी आपली भाषा.

उद्देश : ज्यांच्याविषयी आपण बोलतो त्यांस आधी माणूस म्हणून, नावाने व नात्याने ओळखावे, आणि आपल्या तोंडी बसलेले काही शब्द तपासून पाहावेत.

प्रस्तावना

हा पाठ लिहिण्यास कारण झाले ते आमचेच एक वाक्य. ते आम्ही आमच्या तुकईथडच्या लहानशा मंडळीत, कापणीच्या सणाच्या उपासनेत, सर्वांसमोर उच्चारले. मंडळीतील एक ताई चाकाची खुर्ची वापरतात. शिवणकामाच्या कमाईतून त्यांनी त्या दिवशी दान आणले होते. आमचे मन भरून आले आणि आम्ही म्हणालो, “आपली ही बिचारी बहीण खुर्चीला खिळलेली असूनही देवासाठी एवढे आणते, मग आपण धडधाकट माणसांनी किती आणावे बरे?”

त्या दिवशी दान चांगले जमले. पुष्कळांनी बोध आवडल्याचे सांगितले. पुढचे तीन रविवार मात्र ताई मंदिरात आल्या नाहीत.

चौथ्या आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या आईने चहा ठेवला. प्रकृतीची चौकशी केली तेव्हा ताई हसल्या व म्हणाल्या, “भाऊ, प्रकृतीला काय झालंय? दर रविवारी तुम्ही आजाऱ्यांच्या यादीत माझं नाव वाचता. मला साधा ताप येऊन वर्ष झालं. आणि ज्या दिवशी मी सगळ्यांसारखं दान आणलं, त्या दिवशी तुम्ही माझं नावच घेतलं नाही.”

आम्ही क्षमा मागू लागलो. त्यांनी आम्हांस थांबविले. “खिळलेली म्हणालात ना? खिळलेली मी होते, पण खुर्ची नव्हती तेव्हा. दोन वर्षं खाटेवरून आढ्याकडे बघत होते. खुर्ची आली तेव्हा मी अंगणात आले, मग रस्त्यावर आले, मग मंदिरात आले. जिनं मला सोडवलं तिलाच तुम्ही खिळा म्हणता.” थोड्या वेळाने त्या पुढे म्हणाल्या, “शब्बाथशाळेत छपरातून खाली सोडलेल्या माणसाचा धडा आला की सगळी पोरं मागे वळून माझ्याकडे बघतात. आता ही उठते की काय, म्हणून.”

आम्ही धर्मशास्त्राची पदविका घेतली आहे. वीस वर्षे उपदेश करीत आहोत. परंतु त्या चहाच्या पेल्यासमोर आम्हांस उत्तर सुचले नाही. परतताना मात्र पवित्र शास्त्रातील एका माणसाची आठवण झाली. त्याचे पाय शेवटपर्यंत बरे झाले नाहीत, तरी त्याची गोष्ट पूर्ण आहे. त्याच्या गोष्टीवरून हा पाठ तयार केला आहे.

पाठाचा अभ्यास

१. अपंगत्व कसे आले? (४:४) शौल व योनाथान युद्धात पडल्याची बातमी इज्रेलाहून आली तेव्हा मफीबोशेथ पाच वर्षांचा होता. दाई त्यास उचलून पळाली, घाईत तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. शास्त्र येथे कोणाच्या पापाचा उल्लेख करीत नाही, शापाचा नाही, दाईला दोषही देत नाही. जे घडले ते एका वचनात सांगून पुढे जाते. आपण मात्र अपंगत्व दिसले की “कोणाचे पाप भोवले?” असे विचारतो. शिष्यांनीही जन्मांध माणसाविषयी हेच विचारले होते, आणि प्रभूने तो प्रश्नच नाकारला (योहान ९:१-३).

२. सीबाचे उत्तर (९:१-४) शौलाच्या घराण्यातील कोणी उरले आहे काय, असे दावीद राजाने विचारले. योनाथानाशी केलेला करार त्यास पाळावयाचा होता. सीबाने सांगितले की, योनाथानाचा एक मुलगा आहे व तो पायांनी अधू आहे. या उत्तरात मुलाचे नाव नाही. सीबा त्या घराण्याचा जुना चाकर. नाव त्यास ठाऊक नसेल असे संभवत नाही. पण पाय आधी आठवले, आणि पाय आठवल्यावर नावाची गरज वाटली नाही. कापणीच्या सणाला आम्हीही तेच केले.

३. दाविदाची हाक (९:५-७) राजाने पायांविषयी एकही प्रश्न विचारला नाही. किती अधू, केव्हापासून, औषध केले का, यातले काही नाही. तो कोठे आहे एवढेच विचारले. लो-दबार येथे माखीराच्या घरी तो राहत होता. त्यास आणविले आणि तो समोर येताच राजाने त्यास नावाने हाक मारली. मग बापाचे नाव काढले, आजोबाची जमीन परत दिली, आणि आपल्या मेजावर कायमची जागा दिली. नाव, नाते, हक्क आणि मेजावरील जागा असा हा क्रम आहे.

येथे शिक्षकांनी २ शमुवेल ५:६-८ ही वचने अवश्य वाचावीत. यरुशलेम घेताना यबूसी लोकांनी आंधळ्यालंगड्यांचे नाव घेऊन दाविदाला टोमणा मारला, दाविदानेही त्याच शब्दांत कठोर उत्तर दिले, आणि त्यावरून अशा माणसांना घरात प्रवेश नाही अशी एक म्हणच पडली. म्हणजे या म्हणीच्या मुळाशी दाविदाचेच शब्द होते. चार अध्याय पुढे गेल्यावर तोच दावीद पायांनी अधू असलेल्या माणसाला आपल्या घरात, आपल्या पंक्तीला बसवितो. तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही. पण त्याच्या उलट वागून तो खोटा पाडता येतो. आम्हांस यात मोठे समाधान वाटते. पुढे याच नगरातील मंदिरात आंधळे व लंगडे येशूकडे आले, असे मत्तय सांगतो (२१:१४). त्या म्हणीचा शेवट तेथे झाला.

४. स्वतःविषयीचे शब्द (९:८) राजाच्या दयेपुढे मफीबोशेथ स्वतःला मेलेला कुत्रा म्हणवितो. राजापुढे नम्रता दाखविण्याची ती त्या काळची रीत होती, हे खरे. तरी लो-दबारात इतकी वर्षे त्याने लोकांचे काय काय ऐकले असेल, याचाही विचार करावा. आपण एखाद्याला बारा वर्षे “बिचारा” म्हटले, तर तेराव्या वर्षी तो स्वतःच म्हणू लागतो. दाविदाने मात्र त्या शब्दाला मान डोलावली नाही. तो सीबाकडे वळला आणि मफीबोशेथाच्या जमिनीची व्यवस्था लावू लागला.

५. गाढव कोणी नेले? (१६:१-४, १९:२४-३०) हा भाग शब्बाथशाळेत सहसा शिकविला जात नाही. अबशालोमाच्या बंडात दावीद नगर सोडून निघाला. सीबा खोगीर घातलेली दोन गाढवे, भाकरी, मनुका व द्राक्षारस घेऊन भेटला. धनी कोठे आहे असे विचारताच त्याने सांगितले की, तो आजोबाचे राज्य परत मिळेल या आशेने मागे राहिला आहे. राजाने चौकशी न करता सगळी जमीन सीबाला देऊन टाकली. पुढे मफीबोशेथ स्वतः भेटला तेव्हा दुसरी बाजू कळली. त्याला निघावयाचे होते; पायांनी अधू असल्यामुळे गाढवावर खोगीर घालावयाचे होते; पण चाकराने त्यास फसविले. राजा गेल्या दिवसापासून त्याने पायांची निगा घेतली नव्हती, दाढी नीट केली नव्हती, कपडे धुतले नव्हते.

गाढव हेच त्याचे पाय होते. आजच्या भाषेत ती त्याची चाकाची खुर्ची. सीबाने एका दिवसात त्याचे वाहन नेले आणि त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकारही घेतला. दुसऱ्याच्या तोंडून ऐकून दावीदासारखा राजाही फसला, आणि नंतर निवाडा करताना जमीन अर्धी अर्धी वाटून मोकळा झाला. जो माणूस समोर असू शकतो, त्याच्याविषयी दुसऱ्याला विचारू नये, हा धडा राजालाही महाग पडला.

शब्द बदलत का गेले?

काही वाचक म्हणतील, “रोज नवा शब्द निघतो, आम्ही किती पाठ करावेत?” तक्रार अगदीच निराधार नाही, म्हणून थोडा इतिहास पाहू.

आपल्या जुन्या बोलीत लंगडा, लुळा, पांगळा, थोटा असे शब्द होते. ते शरीराचे वर्णन करीत. पण त्यांची शिवी होण्यास वेळ लागला नाही. आजही आपण कमकुवत कारणास लंगडी सबब म्हणतो, आणि “वासरांत लंगडी गाय शहाणी” ही म्हण हसत हसत वापरतो. मग “अपंग” हा सभ्य शब्द सरकारी कागदांत रूढ झाला. त्याबरोबर “विकलांग” आला. आमच्या मध्यप्रदेशात सरकारी खात्याच्या नावात “निःशक्तजन” हा शब्द असे. त्याचा सरळ अर्थ शक्ती नसलेला. ज्या खात्याने शक्ती द्यावयाची, त्याच्या पाटीवरच शक्ती नाही असे लिहिलेले!

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात “विकलांग” ऐवजी “दिव्यांग” म्हणावे असे सुचविले. पुढे तो शब्द सरकारी व्यवहारात रुजला. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू झाला. परंतु अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या अनेक संघटनांनी २०१६ सालीच या शब्दास हरकत घेतली होती. आमच्या शरीरात दिव्य असे काही नाही, आम्हांस देवत्व नको, जिना नसलेली वाट हवी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. उलट, हा शब्द आपलासा वाटणारीही पुष्कळ माणसे आहेत. म्हणून नियम सोपा ठेवावा : सरकारी कागदावर कायद्याचा शब्द लिहावा, माणसाशी बोलताना त्यास कोणता शब्द चालतो हे त्यालाच विचारावे, आणि शब्दाची गरज नसेल तेथे नुसते नाव घ्यावे.

इंग्रजीतही हेच झाले. मुंबईत १९७२ साली स्थापन झालेल्या स्पास्टिक्स सोसायटीने पुढे आपले नाव बदलून ‘अडॅप्ट’ असे घेतले. इंग्लंडमधील त्याच नावाच्या संस्थेने १९९४ साली ‘स्कोप’ हे नाव घेतले, कारण शाळेतील मुले मूळ शब्द शिवी म्हणून वापरू लागली होती. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. शब्द मुळात वाईट नसतो. आपण त्यात तुच्छता किंवा कीव ओततो आणि तो नासतो. नव्या भांड्यात तेच नासके दूध ओतले तर भांडेही नासणार. म्हणून शब्दासोबत मनही बदलले पाहिजे.

न्यायालयांनीही याची दखल घेतली आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांतील अपंग व्यक्तींच्या चित्रणाविषयी निकाल देताना अपमानकारक शब्दांपासून सावध केले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायाधीश व वकिलांसाठी या विषयावरील पुस्तिका प्रसिद्ध झाली. न्यायालयास जे कळले ते मंडळीस आधी कळावयास हवे होते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ५४ लाखांची अडचण चालण्या-फिरण्याची होती. एवढी माणसे आपल्या मंदिरांत का दिसत नाहीत, हा प्रश्न आपण स्वतःस विचारावा.

आमच्या एका वाक्यातील चुका

आता आम्ही कापणीच्या सणाला बोललेले वाक्य फळ्यावर लिहू व एकेक शब्द तपासू. दुसऱ्याची चूक दाखविण्यापेक्षा स्वतःची दाखविणे बरे.

“बिचारी.” हा शब्द वरून मायेचा दिसतो. पण आपण कोणाला बिचारे म्हणतो? ज्याच्याकडून आपणांस काही घ्यावयाचे नाही त्याला. पाळकांना, सरपंचांना किंवा सावकाराला कोणी बिचारा म्हणत नाही. त्या ताई मंडळीतील निम्म्या घरांचे कपडे शिवतात. त्यांच्याकडे वेळेवर कपडा मिळावा म्हणून आपण विनवणी करतो. मग रविवारी त्या बिचाऱ्या कशा होतात?

“खुर्चीला खिळलेली.” अंथरुणाला खिळणे या शब्दप्रयोगावरून आपण हे बनविले. खुर्चीत अडकलेली, खुर्चीला जखडलेली, ही त्याचीच भावंडे. चष्मा लावणाऱ्यास आपण चष्म्याला जखडलेला म्हणत नाही. सायकलवर येणाऱ्या शिक्षकास सायकलला खिळलेला म्हणत नाही. खुर्ची हे वाहन आहे. “चाकाची खुर्ची वापरतात” किंवा “व्हीलचेअरवरून येतात” एवढे म्हणावे. मराठीत याचे एक सुंदर उदाहरण आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना किशोरवयात पाठीच्या कण्याच्या विकारामुळे कमरेखाली अपंगत्व आले. १९८४ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि अपंग मुलामुलींच्या निवासाची, शिक्षणाची व रोजगाराची सोय केली. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘चाकाची खुर्ची’ असे आहे. त्या नावात तुरुंग नाही, बेड्या नाहीत, अश्रूही नाहीत. फक्त वस्तूचे नाव आहे.

“असूनही.” हा लहान शब्द सर्वांत फसवा आहे. “अपंग असूनही हुशार”, “खुर्चीवर असूनही हसतमुख.” असे म्हणताना आपण गृहीत धरतो की, अपंग माणूस मठ्ठ व रडका असावयास हवा होता. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या व कायमचे अपंगत्व आले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही गोष्ट वर्गात सांगावी, पण “अपंग असूनही पोहले” असे न सांगता “कसून सराव केला म्हणून जिंकले” असे सांगावे. आणि आणखी एक जपावे. प्रत्येक खुर्ची वापरणाऱ्याने पदक जिंकावे, अशी अपेक्षा करू नये. साधे, कधी चिडणारे, कधी आळस करणारे माणूस असण्याचा हक्क त्यांसही आहे.

“आपण धडधाकट.” या शब्दाने आम्ही मंडळीचे दोन भाग केले आणि ताईंना एकटे पलीकडे बसविले. “आपण नॉर्मल माणसे” हेही तसेच. शिवाय तो भेद टिकाऊ नाही. एक घसरलेले पाऊल, एक अपघात, किंवा नुसते म्हातारपण, एवढ्याने आपल्यापैकी कोणीही त्या बाजूस जाऊ शकतो. आणि या तुलनेने आम्ही ताईंचा उपयोग लोकांना लाजविण्यासाठी केला. त्यांचे दान देवाला होते. आम्ही ते काठीसारखे वापरले.

“ही बहीण.” आम्ही बहीण म्हणालो, नाव घेतले नाही, आणि “आणतात” म्हणण्याऐवजी “आणते” म्हणालो. आपल्या भाषेत मान क्रियापदात असतो. त्यांच्या वयाच्या इतर बायकांना आम्ही “अहो ताई” म्हणतो. खुर्चीवर बसलेले माणूस नजरेला खाली दिसते आणि आपली जीभही नकळत एकेरीवर उतरते. पन्नास वर्षांच्या गृहस्थांच्या पाठीवर थोपटून “काय रे, बरा आहेस ना?” असे विचारणारे आम्ही पाहिले आहेत.

बोलण्याच्या आणखी काही रीती

सोबत्याला विचारू नये. “यांना चहा चालतो का?” असे आईला विचारणे म्हणजे दाविदाने सीबाला विचारण्यासारखे आहे. प्रश्न समोरच्या माणसालाच करावा. बोलणे लांबणार असेल तर स्वतः खुर्ची किंवा चटई घेऊन बसावे, म्हणजे त्यांस मान वर करून बोलावे लागत नाही.

न विचारता खुर्ची ढकलू नये, तिच्यावर रेलू नये, पिशवी अडकवू नये. “मदत करू का?” असे विचारावे आणि उत्तर “नको” असेल तर राग न मानता थांबावे. पायऱ्यांवरून उचलावयाचे असेल तर कोठे धरावे हे त्यांनाच विचारावे.

शब्दांची उगाच धास्तीही घेऊ नये. “चला ताई, निघू या” किंवा “उद्या सकाळी चालेल ना?” असे बोलून काही जण जीभ चावतात. त्याची गरज नाही. ताई स्वतः आम्हांस म्हणतात, “मी चालले हं भाऊ,” आणि चाके फिरवून निघतात. लंगडी या खेळाचे नावही बदलावयास नको. खेळाचे नाव अपमान नव्हे. तेच नाव मुलाला हाक म्हणून वापरणे हा अपमान.

उपासनेत “सर्वांनी उभे राहावे” ऐवजी “ज्यांना शक्य आहे त्यांनी उभे राहावे” असे म्हणावे. वृद्ध, गरोदर व गुडघेदुखीने त्रस्त मंडळीही दुवा देतील. आजाऱ्यांच्या प्रार्थनेत अपंग व्यक्तीचे नाव तिच्या संमतीवाचून घालू नये. अपंगत्व व आजार एक नव्हेत.

बरे होण्याच्या गोष्टी कशा शिकवाव्यात?

ताईंचा हा प्रश्न आम्हांस सर्वांत जड वाटला. त्या गोष्टी गाळता येणार नाहीत, आणि शास्त्रातील शब्द वाचताना बदलूही नयेत. आहे तसे वाचावे. पण आपल्या शब्दांत गोष्ट सांगताना “तो लुळा” न म्हणता “तो मनुष्य” म्हणावे. आणि येशू काय म्हणतो याकडे मुलांचे लक्ष वेधावे. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी आणलेल्या त्या मनुष्यास येशू प्रथम मुलगा म्हणून हाक मारतो. त्याचे पाय नंतर चालतात. नाते आधी जुळते. लूक १३ मध्ये अठरा वर्षे वाकलेल्या बाईला तो अब्राहामाची कन्या म्हणतो. सभास्थानाच्या अधिकाऱ्याला तिची वाकलेली पाठ व शब्बाथाचा नियम दिसला; येशूला तिचे घराणे दिसले.

त्याबरोबरच मफीबोशेथाचा पाठ अवश्य द्यावा. नवव्या अध्यायाचे शेवटचे वचन पाहा. तो नित्य राजाच्या मेजावर जेवतो, आणि तो दोन्ही पायांनी अधू आहे. दोन्ही गोष्टी एकाच वचनात, शेजारी शेजारी. मेजावर बसण्यासाठी आधी बरे होण्याची अट राजाने घातली नाही.

वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांचे उदाहरणही वर्गात सांगावे. १९५४ साली मोटार अपघातात त्यांच्या पाठीच्या कण्यास इजा झाली व पायांची शक्ती गेली. पुष्कळांनी बरे होण्यासाठी प्रार्थना केली असेल; पाय बरे झाले नाहीत. पुढे चाकाच्या खुर्चीवर बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि १९६६ साली वेल्लोर येथे पुनर्वसनाची संस्था उभी राहिली ती त्यांच्याच पुढाकाराने. बसून करता येणारी शस्त्रक्रिया त्यांनी निवडली, शिक्षण घेतले, काम केले. अशा स्त्रीला कोणत्या यादीत घालाल, आजाऱ्यांच्या की सेवकांच्या?

समारोप

एका गोष्टीचा इशारा देऊन थांबतो. शब्द बदलले आणि मंदिराच्या पायऱ्या तशाच राहिल्या तर आपण सीबाचेच भाऊ ठरू. गोड बोलून गाढव नेणारे. आमच्या मंदिराच्या दारात सहा सहा इंचांच्या दोन पायऱ्या आहेत. इतकी वर्षे चार तरुण ताईंना खुर्चीसकट उचलीत आणि आम्हांस त्यात बंधुप्रेम दिसे. ताईंना काय वाटत असेल ते कोणी विचारले नव्हते. “पोत्यासारखं वाटतं,” त्या म्हणाल्या. उताराचे माप सोपे आहे : जेवढी उंची त्याच्या बारापट लांबी. एक फूट उंचीला बारा फूट उतार. पंचमंडळाने तो बांधण्याचे ठरविले आहे. विटा आल्या आहेत, गवंडी अजून आलेला नाही.

ताई पुन्हा येऊ लागल्या आहेत. आम्ही पहिल्या रविवारी मंडळीसमोर चूक कबूल केली, थोडक्यात, त्यांच्या संमतीने. आजाऱ्यांच्या यादीतून त्यांचे नाव काढले आहे. आता ते शब्बाथशाळेच्या शिक्षकांच्या यादीत आहे. मफीबोशेथाचा हा पाठ मोठ्या मुलांच्या वर्गाला आम्ही नव्हे, त्यांनीच शिकविला. आम्ही मागे बसून ऐकला. गाढवाच्या भागाला त्या आमच्यापेक्षा फार चांगल्या शिकवतात.

वर्गासाठी प्रश्न

१. सीबाच्या उत्तरात काय होते व काय नव्हते?

२. दाविदाने मफीबोशेथास कोणत्या चार गोष्टी दिल्या? त्यांपैकी आपली मंडळी कोणत्या देते?

३. २ शमुवेल ५:८ मधील म्हण दाविदाने कशी खोटी पाडली?

४. “अपंग असूनही” या शब्दांत कोणते गृहीत लपलेले आहे? “असूनही” न वापरता तेच वाक्य पुन्हा लिहा.

५. आपल्या मंदिराच्या दारापासून वेदीपर्यंत चाकाच्या खुर्चीला कोठे कोठे अडथळा येतो? मुलांना टेप घेऊन मोजावयास सांगा व आकडे पंचमंडळास द्या.

शिक्षकांसाठी सूचना

वर्गात चाकाची खुर्ची किंवा कुबडी वापरणारे मूल असेल तर त्यास उदाहरण म्हणून उभे करू नये, आणि “तुला कसे वाटते ते सांग” असा आग्रह धरू नये. त्यास सांगावयाचे असेल तर ते सांगेल. मुले एकमेकांना व्यंगावरून चिडवीत असतील तर लांब उपदेश न करता एकच प्रश्न विचारावा : “त्याचे नाव काय?” आणि ते नाव सर्वांकडून म्हणवून घ्यावे.